गेरूची चुळबुळ

नदीच्या वळणावर, सीताफळांच्या हिरव्यागार बागेला लागून, लाल मातीचं एक इवलंसं घर होतं. घरापुढे अंगण, अंगणात सावलीला वाळत ठेवलेली मडकी, आणि मडक्यांच्या रांगांमधून पावलं जपत चालणारी आठ वर्षांची शेवंता. तिला सगळे शेवू म्हणत.

शेवूचे आजोबा कुंभार होते. आबांनी चाकावर माती ठेवली की ती कमळासारखी उमलायची. पण गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरू लागले होते. माठ कडेपर्यंत यायचा आणि एकदम वाकडा व्हायचा. आबा त्याचा पुन्हा गोळा करायचे. शेवूचे बाबा ती रांगत होती तेव्हाच वारले होते, त्यामुळे आता एकटी आईच खाणीतून माती आणायची, तुडवायची, लहान लहान मडकी घडवायची. मडकी थोडी, म्हणून भाकरीही थोडी. शेवूच्या ताटात एक यायची, कधी अर्धीच.

एका सकाळी मेंढ्यांचा मोठा कळप नदीपार गेला आणि मागे कुत्र्याचं एक पिल्लू राहून गेलं. गेरूसारखा तांबूस रंग, शेपटीचं टोक दुधासारखं पांढरं, आणि पोट पाठीला लागलेलं. शेवूने आपल्या अर्ध्या भाकरीतली अर्धी त्याच्यापुढे धरली. पिल्लाने भाकरी खाल्ली, तिची बोटं चाटली आणि तिच्या मागोमाग घरी आलं.

"याचं नाव गेरू," शेवूने सांगून टाकलं.

आई हसली. पण तिचं हसू दुपारपर्यंतच टिकलं.

कारण गेरूच्या अंगात वारं भरलेलं होतं! तो चालायचा नाही, उड्याच मारायचा. बसायचा नाही, गरगर फिरायचा. त्याने आईची चप्पल कुरतडली, आबांच्या धोतराचा सोगा ओढला, चुलीपुढे शू केली, आणि फुलपाखराच्या मागे धावताना ओल्या मडक्यांची एक रांगच्या रांग आडवी केली. फच्च! फच्च! फच्च! अकरा मडक्यांचा चिखल झाला.

आई मटकन खाली बसली. तिचे डोळे भरून आले.

"शेवू, पौर्णिमेला भट्टी लावायची आहे," ती म्हणाली. "आठ दिवस राहिलेत. तोवर याला वळण लागलं तर ठीक. नाहीतर बाजारात नेऊन मागेल त्याला देऊन टाकीन. माझा नाइलाज आहे गं."

शेवूने गेरूच्या गळ्यात सुतळी बांधली आणि त्याला घेऊन ती सीताफळांच्या बागेत जाऊन बसली. वर पोपटी पानं सळसळत होती, पानांतून उन्हाचे सोनेरी ठिपके गळत होते. पण शेवूचं लक्ष कशातच लागेना. ती उठायची, बसायची, पुन्हा उठायची.

तेवढ्यात गेरूने गवतात तोंड खुपसलं आणि काहीतरी चमचमणारं उचललं.

"टाक! टाक ते!" शेवूने त्याचा जबडा हळूच उघडला. तिच्या तळहातावर पडली एक इवलीशी परी! सीताफळाच्या पानाएवढी. मोराच्या गळ्यासारखे निळे-जांभळे पंख, पायांत दवबिंदूंचे पैंजण, आणि अंगभर गेरूची लाळ.

"अगं बाई! तुला लागलं का?" शेवू घाबरून म्हणाली. तिने परकराच्या टोकाने परीचा एकेक पंख अलगद पुसला. "रागावू नकोस हं त्याच्यावर. लहान आहे तो. अजून काही कळत नाही त्याला."

परीने पंख झटकले. रंगांचे बारीक बारीक तुषार उडाले.

"आधी मला विचारलंस, आणि त्याला मारलंही नाहीस," परी पैंजण वाजल्यासारख्या आवाजात म्हणाली. "मला आवडलीस तू. तीन इच्छा माग. पण दोन नियम आहेत. इच्छा इथेच, या बागेत, ऊन असताना मागायची. आणि मी एखाद्यातून जे काढते ते नाहीसं होत नाही. कोणाला तरी ते घ्यावं लागतं."

शेवूने क्षणभरही विचार केला नाही. "गेरूची चुळबुळ काढ!"

"आणि ती कोण घेणार?"

"मी!"

परी गेरूच्या दोन कानांमध्ये जाऊन बसली. तिने चिमटीत काहीतरी धरून ओढलं. बाहेर आला सोनेरी धाग्याचा एक गुंता, वळवळणारा, टुणटुण उड्या मारणारा. परीने तो शेवूच्या ओंजळीत ठेवला आणि तो तिच्या बोटांतून आत शिरला.

शेवूच्या तळपायांना गुदगुल्या होऊ लागल्या.

घरी आल्यावर गेरू अंगणाच्या कोपऱ्यात बसला तो बसलाच, मातीच्या खेळण्यासारखा. आई थक्क झाली. पण शेवू? शेवूला जागेवर बसवेना! ती अंगणाला फेऱ्या घालू लागली. जेवताना तिचे पाय नाचत होते. वेणीचं टोक तिने चावून चावून ओलं केलं. हिरड्या अशा शिवशिवत होत्या की काहीतरी कडक चावल्याशिवाय चैन पडेना. दुसऱ्या दिवशी आईने पाहिलं, तर शेवू दाराआड बसून उरलेली एक चप्पल चावत होती.

"शेवू! अगं, काय हे!"

"मला नाही माहीत!" शेवू रडकुंडीला येऊन ओरडली. आणि पळता पळता तिने स्वतःच चार मडकी फोडली.

सगळ्यात वाईट वाटलं ते आई मातीसाठी खाणीकडे निघाली तेव्हा. आई तर रोजच जायची. पण आज शेवूला भीती वाटली. आई परत आलीच नाही तर? ती दारापाशी उभी राहून रडली, दार खरवडत राहिली. आई घमेलं घेऊन वळणावर दिसली तेव्हा शेवू अशी धावली, अशी धावली, की आईला पाडायचंच बाकी राहिलं.

आणि गेरू? त्याच्या नाकासमोरून खारूताई गेली, त्याने मान वळवली नाही. भाकरी पुढे ठेवली, त्याने नुसती हुंगली. शेपटीचं पांढरं टोक मातीत लोळत होतं.

आबा त्याच्याजवळ उकिडवे बसले. थरथरत्या हाताने त्यांनी त्याची पाठ कुरवाळली.

"पोरी," ते म्हणाले, "हे पिल्लू शहाणं नाही झालं. विझलंय."

शेवूने गेरूला उचललं आणि ती बागेत धावत सुटली.

"परीताई! परत दे त्याला त्याची चुळबुळ! सगळी दे, जराही ठेवू नकोस!"

परी एका पिकल्या सीताफळावर बसून हसत होती. तिने शेवूच्या तळहातातून सोनेरी गुंता अलगद ओढून काढला आणि गेरूच्या डोक्यावर सोडला. गेरू शिंकला. मग उडाला! स्वतःच्या शेपटीमागे सात गिरक्या घेतल्या, शेवूच्या नाकाला चाटलं आणि लगेच एक खड्डा उकरायला घेतला.

"एकच इच्छा राहिली तुझी," परी म्हणाली. "जपून वापर."

घरी परतताना शेवू गेरूशी बोलत होती. "आता मला कळलं रे. तुझे दात येतायत म्हणून हिरड्या शिवशिवतात. तुझ्या पायांत धावणं साठून राहतं. आणि आम्ही कुठे गेलो की तुला भीती वाटते, हो ना?"

सहा दिवस उरले होते. शेवू कामाला लागली.

रोज सकाळी ती त्याला नदीपर्यंत पळवून आणायची, त्याची जीभ लोंबेपर्यंत. चावायला मक्याची दाणे काढलेली, वाळलेली बुरकुंडं द्यायची, आणि आईची नवी चप्पल उंच खुंटीवर. तो खाऊन उठला, झोपून उठला, की लगेच चिंचेखाली न्यायचं. तिथे शू केली की "शाब्बास रे माझ्या राजा!" अंगणात केली की गुपचूप पुसून टाकायचं. ती त्याला एकट्याला सोडून घरामागे जायची, दहा अंक मोजायची आणि परत यायची. मग वीस. मग पन्नास. प्रत्येक वेळी ती परत आलेली बघून गेरूचं रडणं थोडं थोडं कमी झालं.

सगळ्यात अवघड होतं थांबवणं. आई म्हणायची "हो बाजूला", आबा म्हणायचे "हट्", शेवू म्हणायची "नको नको". बिचाऱ्या गेरूला कळावं तरी काय?

"आपण सगळ्यांनी एकच शब्द म्हणायचा," शेवूने ठरवलं. "थांब. आणि तोही हळू आवाजात. आबा, तुम्हीसुद्धा!"

"बरं बाई," आबा म्हणाले. "थांब तर थांब."

भाकरीचा तुकडा गेरूच्या नाकावर धरायचा. तो वर बघता बघता मागे टेकायचा. टेकला रे टेकला की "थांब", आणि तुकडा तोंडात. एकदा, दहादा, शंभरदा. कधी जमायचं, कधी मुळीच नाही. चौथ्या दिवशी तो अगदी शहाण्यासारखा वागला, आणि पाचव्या दिवशी सकाळीच त्याने दोन मडकी फोडली. आईने ओठ घट्ट मिटले. शेवूला ते ओरडण्यापेक्षाही जास्त लागलं.

त्या दुपारी ती बागेजवळून जाताना परी फांदीवरून खाली उतरली.

"उद्या पौर्णिमा," परी म्हणाली. "ती इच्छा माग ना. एका क्षणात तो सगळं शिकेल."

शेवूच्या पायाजवळ गेरू एका मुंगळ्यावर भुंकत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "तो शिकतोय. उगाच कोणी त्याच्या डोक्यात हात घालू नये."

पौर्णिमेच्या सकाळी भट्टी रचायला सुरुवात झाली. आई डोक्यावर फळी घेऊन मडकी नेत होती. फळीवर बारा मडकी. अंगणात दोन्ही बाजूंना रांगा, मधून एवढीशी वाट. आणि शेजारची कोंबडी नेमकी त्याच वाटेवरून फडफडत धावली!

गेरूचे कान ताठ झाले. तो सुटला.

शेवूला किंचाळावंसं वाटलं. पण ती किंचाळली नाही. रोजच्याच आवाजात म्हणाली, "गेरू, थांब."

गेरू थांबला. एक पाय हवेत, सगळं अंग थरथरतंय, नजर कोंबडीवर, आणि आईच्या पायांपासून तो फक्त एका वितीवर. कोंबडी कुंपणापार गेली. गेरूने शेवूकडे पाहिलं आणि हळूच ढुंगण टेकवलं.

आईने फळी खाली उतरवली. एकही मडकं हललं नव्हतं. ती गेरूजवळ बसली आणि तिने त्याचं डोकं पदराखाली घेतलं.

"याला कोणाला द्यायचं नाही हं," ती म्हणाली. जणू दुसरंच कोणी त्याला मागत होतं.

शेवू नाचत नाचत बागेत गेली. परी वाटच बघत होती.

"आता स्वतःसाठी माग," परी म्हणाली. "रेशमी परकर? रोज गोड जेवण? चांदीचे तोडे?"

शेवूने बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाली, "आबांच्या हातांची थरथर काढशील?"

"काढीन," परी म्हणाली. "पण नियम माहीत आहे ना? कोण घेणार ती?"

शेवूने आपले हात पाहिले. छोटे, मातीने माखलेले. मग तिने हात पुढे केले.

"मी घेते. पण परीताई, ती सगळी डाव्या हातात देशील का? म्हणजे उजव्याने मला गेरूला भरवता येईल."

परीच्या डोळ्यांतून दोन टपोरे मोती ओघळले. ती उडाली, पानांमधून, कुंपणावरून, आबा डुलकी घेत होते त्या ओसरीवर. त्यांच्या बोटांतून तिने रुपेरी धाग्याचा गुंता काढला आणि ती परत आली. शेवूने डोळे गच्च मिटून डावा हात पुढे केला.

हातात काहीच आलं नाही.

तिने डोळे उघडले. परीने तो रुपेरी गुंता स्वतःच्या खांद्यांवर घेतला होता.

"कोणाला तरी घ्यावी लागते, एवढंच मी म्हटलं होतं," परी हसत म्हणाली. "माझे पंख तसेही थरथरतच असतात. आणखी थोडी थरथर त्यांना जड नाही."

परीचे पंख थरथरू लागले, आधी मंद, मग भरभर, मग इतके भरभर की निळा-जांभळा रंग दिसेनासा झाला आणि नुसता उजेड उरला. सगळी बाग त्यात न्हाऊन निघाली. पानं, फळं, गेरूच्या मिशा, सगळं लखलखलं. आणि मग बागेत साधं दुपारचं ऊन होतं. परी नव्हती.

शेवू घरी आली तेव्हा आबा चाकावर बसले होते. माती त्यांच्या हातात सरळ, शांत चढत होती. आई कुडाला टेकून बघत होती, तोंडावर पदर धरून.

"पहिलं काय करताय, आबा?" शेवूने विचारलं.

"तूच सांग."

"गेरूला पाणी प्यायला परळ!"

आबांनी पसरट, गोल गोल परळ घडवला. कड गुळगुळीत करून जमिनीवर ठेवला, तेवढ्यात गेरूने वाकून बघता बघता त्यावर एक पाय दिला. ओल्या कडेवर चार बोटांचा ठसा उमटला.

"अगं बाई! पुसा, पुसा," आई म्हणाली.

आबांनी बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. मग ते खूप दिवसांनी खदखदून हसले.

"कशाला पुसायचं?" ते म्हणाले. "मालकाने पसंत केलाय."