बिरूनं पकडलेला चोर

एका वाडीत बिरू नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? "जरा थांबा" म्हटलं की दिवेलागणीपर्यंत तिथंच उभा. त्याची बायको यमुना मात्र हुशार. हातमशीनवर वाडीची पोलकी शिवायची, त्यावरच घरची चूल पेटायची.

त्या वर्षी भरदुपारी चोऱ्या व्हायला लागल्या. माणसं शेतात गेली की घरं साफ. यमुना बाजाराला निघताना म्हणाली, "अहो, मशीन सांभाळा. ते गेलं तर उपाशी मरू. मागच्या कुंपणावरून येईल तो चोर समजा. द्या दणका!"

दुपारी सासरेबुवा आले. जवळची वाट म्हणून कुंपणावरून आले, डोक्यावर भोपळा घेऊन. बिरूनं दिला दणका. भोपळा फुटला म्हणून सासरा वाचला.

पोलीस पाटील रंगराव आले आणि कपाळाला हात लावून बसले. "अरे येड्या, कायदा म्हणून काही आहे का नाही? घरच्या माणसानं आधी विचारायचं, कोण तू, कशाला आलास? आणि समोरचा हात उगारत नाही तोवर आपण उगारायचा नाही. नाहीतर चोर राहील बाजूला, तूच आत जाशील."

"बरं," बिरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा बोकड घरात शिरला. बिरूनं विचारलं, "कोण तू? कशाला आलास?" बोकड बोलेना. हातही उगारेना. बिरूनं तीनदा विचारलं. तेवढ्यात बोकडानं सरपंचबाईंचं नवं पोलकं बाह्यांसकट खाल्लं.

यमुना भडकली. "अहो, विचारत काय बसलात! आत शिरला की बाहेरून कडी लावायची आणि माणसं गोळा करायची!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी पोलक्याची तक्रार ऐकून रंगरावच चौकशीला घरात शिरले. बिरूनं बाहेरून कडी लावली आणि सगळी वाडी गोळा केली. लोक काठ्या घेऊन धावले. दार उघडलं, तर आत पोलीस पाटील, घामाघूम.

"गाढवा!" रंगराव ओरडले. "फक्त चोराला कोंडायचं!"

"चोर ओळखायचा कसा?"

"किती वेळा सांगायचं तुला? कुंपणावरून येतो तो चोर. 'कोण तू' विचारतो तो घरचा!"

"बरं," बिरू म्हणाला, आणि यावेळी त्यानं ते पाठच केलं.

पुढच्या बाजाराला यमुना दोरा आणायला गेली. बिरू जरा विडी आणायला कोपऱ्यापर्यंत गेला. परत येतो तर पुढच्या दाराला आतून कडी. मग काय, कुंपणावरून उडी मारली आणि मागच्या दारानं आत आला. आत एक दांडगा माणूस मशीन उचलत होता. तो दचकून ओरडला, "कोण रे तू? कशाला आलास?"

बिरूनं पाठ केलेलं आठवलं. कुंपणावरून कोण आलं? आपण. विचारलं कुणी? यानं.

"मालक, चुकलो," बिरूनं हात जोडले. "मी चोर. पण मी हात उगारलेला नाही, मारू नका. कायदा आहे."

तो माणूस म्हणाला, "बरं बरं. हे डोक्यावर द्यायला हात लाव."

बिरूनं मशीन नीट त्याच्या डोक्यावर दिलं. मग आपण होऊन न्हाणीघरात शिरला. "मालक, बाहेरून कडी लावा. आणि माणसं गोळा करा."

"आत्ता आणतो," म्हणत त्यानं कडी लावली आणि गेला.

संध्याकाळी यमुना आली. मशीनची जागा रिकामी बघून तिनं हंबरडाच फोडला. "अहो, कुठं आहात? माझं मशीन गेलं हो!"

न्हाणीघरातून बिरूचा आवाज आला, "रडू नको गं! चोर इथं कोंडलाय. मशीन घरच्या माणसाकडं आहे."