बुजगावण्याला घाम फुटला

पूर्वी काशीनगरीत कुणी एक राजा राज्य करीत होता. त्याला करू द्या. आपल्या गोष्टीत त्याचं काम नाही. तेव्हा बोधिसत्त्व नदीकाठच्या रानात काळवीट होऊन जन्मले होते. त्या साली वणव्यात सगळं गवत जळालं. उरलं एक हरभऱ्याचं शेत, आणि त्यात मडक्याच्या डोक्याचं बुजगावणं.

ते पाहून शबला हरिणी लटलट कापू लागली. हसू नका, दोरीवरच्या धोतराला भूत म्हणणारे तुम्हीच!

काळवीट म्हणाला, "बाई, वाऱ्यानं हलतं ते लाकूड. वारा नसता हलतं ते जिवंत. चर निवांत."

आठ दिवस कळप चरला. नवव्या दिवशी शबला बांधावरच अडली. मडकं तेच, अंगरखा तोच, वाऱ्यानं बाह्याही फडफडत होत्या. पण रोज त्या खांद्यावर बसणारा कावळा आज दूर बाभळीवर होता. मागून पाडस आचळांना ढुशा देत होतं, आणि आचळात थेंब नव्हता.

"दादा, पाय उचलत नाही रे."

"तू थांब. मी बघतो."

काळवीट पुढे गेला. दहा पावलांवर तो थबकला. बुजगावण्याच्या पायाला नाग वेढे घालत होता. त्या बापड्याला तो खांबच वाटला! आणि बुजगावण्याच्या कोपरातून घाम ठिबकत होता. बाहीत भाल्याचं पातं चमकलं.

"दादा, पळ! बुजगावणं नव्हे, शेताचा धनी आहे तो! डसू दे नागाला, आयती पीडा जाईल!"

"शबले, एक सांगायचं राहिलं. हलायचं असून जे हलत नाही, त्याला मन असतं. तो तुझ्याइतकाच भ्यालाय."

काळविटानं खूर दाणदाण आपटले. जमीन हादरली तसा नाग वेढे सोडून सरीत पसार झाला. आता भाला मोकळा होता. शबलानं डोळे मिटले.

खळ्ळकन आवाज झाला. फुटलं ते मडकं. धन्यानंच ते डोक्यावरून काढून आपटलं होतं.

"मी तर तुला चालतं मांस समजत होतो," धनी पुटपुटला.

"चालायचंच. नागही तुला खांबच समजला."

धन्यानं भाला टाकला. "बांधाकडचा तुकडा तुमचा. पण बाकीच्याला तोंड लावाल तर याद राखा!"

ही पूर्वजन्मीची कथा संपवून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, समोर बसलेल्यांना म्हणाले, "तो धनी म्हणजे या जन्मी मुंगीला वाट देणारा आपला भिक्षू उग्रक. शबला म्हणजे भिक्षुणी वासंती. अजून उंबऱ्यावर अडते. काळवीट मी. नाग इथंच बसलाय. लाजेल, नाव सांगत नाही. आणि बुजगावणं? ते तेव्हाही कुणी नव्हतं. पण ज्याला भीती वाटते, तो कुणीतरी असतो. शत्रूच्या घामातही हे ओळखणं, त्याचं नाव करुणा."