बुद्धीची काळी दोरी

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती: आपल्या चाकरीत शहाणे कोण आणि मंद कोण, हे ओळखावे कसे? तेव्हा कालमेध नावाचा जादूगार आला. त्याच्याजवळ एक बोलकी साळुंकी होती आणि एक गाठी मारलेली काळी दोरी. साळुंकी कालमेधाच्याच आवाजात तीन प्रश्न विचारी. मग दोरी डोक्याभोवती बांधत. तिन्ही उत्तरे बरोबर असली तर ती नेमकी बसे आणि माणूस बुद्धिमान ठरे, नाहीतर वेशीबाहेर.

बुद्धिमान ठरलेल्यांचे चेहरे मात्र बदलत. आधी डोळे, मग हनुवटी, शेवटी आवाज, सगळे कालमेधासारखे. येत्या अमावास्येनंतर ते पुन्हा कधीच मूळचे होणार नव्हते. दरबारात एका चेहऱ्याची एकोणचाळीस माणसे बसत आणि एकदम मान हलवत. मतभेद न उरल्याने कामे भराभर उरकत. राजा प्रसन्न होता.

अंबुजेचा नवरा भानुदत्त राजाचा पाणाड्या. मातीवर तळहात ठेवून खालचे पाणी सांगे. वेशीबाहेर जावे लागू नये म्हणून त्याने तिन्ही उत्तरे पाठ केली आणि तो मापात बसला. महिन्याने परक्या चेहऱ्याने घरी आला, उंबऱ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "बाई, आपण कोण?" त्या चेहऱ्याने नऊ विहिरी खोदवल्या. नऊच्या नऊ कोरड्या.

अमावास्येला एक दिवस उरला, तेव्हा अंबुजा भर दुपारी दरबारात उभी राहिली. "माझे माप घ्या."

साळुंकीने विचारले, "शहाणा माणूस जेवताना आधी काय खातो?"

"भूक असेल तर पुढे येईल ते."

"चूक. मध. शहाणा माणूस कोणत्या कुशीवर निजतो?"

"ज्या कुशीला ढेकूण चावत नाहीत त्या."

"चूक. डाव्या. दक्षिणेच्या डोंगरामागे काय आहे?"

"माझे माहेर."

"चूक. काही नाही."

एकोणचाळीस माणसे हसली. हसू एकच होते. त्यात भानुदत्ताचे कोणते, ते अंबुजेला ओळखता येईना.

"मंद आहे," कालमेध म्हणाला. "रीत म्हणून दोरी लावा."

दोरी अंबुजेने स्वतःच हातात घेतली. बोटे गाठींवरून फिरली आणि थांबली.

"महाराज, माझे वडील पगडबंद होते. गिऱ्हाइकागणिक एक दोरी आमच्या खुंटीला असे. डोके जिथे फुगीर, तिथे गाठ. ही बुद्धीची दोरी नव्हे, पगडीच्या मापाची आहे. एकाच डोक्याची. त्या डोक्याला डाव्या कानावर टेंगूळ आहे."

एकोणचाळीस हात एकदम डाव्या कानावर गेले. कालमेधाचा तेवढा गेला नाही.

"पगडी उतरवा, कालमेध," राजा म्हणाला.

"माप घेणाऱ्याचे माप घेत नसतात, महाराज."

राजाने स्वतःचे मापही आजवर भीतीपोटी कधी घेऊ दिले नव्हते. त्यामुळे ते वाक्य त्याला नीट कळले. "उतरवा!"

पगडी उतरली. अंबुजेने कालमेधाच्या डोक्याभोवती दोरी बांधली. गाठीवर गाठ बसली.

"बरोबर," साळुंकी म्हणाली, प्रथमच पक्ष्याच्या आवाजात. माप ज्याचे त्याच्याच डोक्यावर परतले की जादू संपते. ती तिथे संपली. दोरी आवळत गेली, आवळत गेली आणि शेवटी फरशीवर तिचा नुसता गुंता पडला. शेजारी पगडी. कालमेध कुठेच नाही.

दुधावरची साय सरकावी तसे एकोणचाळीस चेहरे सरकले. खालून निघालेली माणसे एकमेकांशी भांडू लागली. त्यांतला एक धावत आला.

"अंबुजे, तू इथे कशाला? चुलीपाशी कोण आहे?"

"अहो, चूल राहू द्या. पाणी कुठे आहे ते सांगा."

भानुदत्ताने वाड्याच्या पायरीजवळच्या मातीवर तळहात ठेवला. "इथेच. बारा हातांवर."

"बाई, आता तुम्हीच नवी दोरी करा," राजा म्हणाला.

"करते, महाराज. पण माणसागणिक एक लागेल. पहिली तुमची."

राजाने तो विषय पुढच्या दरबारावर ढकलला. वेशीबाहेर गेलेल्यांना मात्र त्याच दिवशी परत बोलावले. पुढचा दरबार अजून भरलेला नाही.

विहीर खोदली. पाणी तेराव्या हाताला लागले. काठावर बसलेल्या साळुंकीने चोच उघडली, तशी सगळी माणसे श्वास रोखून थांबली.

साळुंकी पाणी प्यायली.