दोन नग

एका गावात एक भोळा कुंभार होता. नाव भिवा. मडकी झकास घडवायचा, पण सांगितलेला शब्द जसाच्या तसा धरायचा. त्याची बायको राही सांभाळून घेई. तिच्या वडिलांना, आबांना, मात्र हे बघवेना. ते मुक्कामाला आले ते ठरवूनच. जावई शहाण्यासारखा वागला तर ठीक, नाहीतर लेकीला कायमची माहेरी न्यायची.

शहरात इतिहास-विज्ञानाचं मोठं राष्ट्रीय संग्रहालय होतं. राही भिवाला म्हणाली, आबांना ते दाखवून आणा, आणि मोठी माणसं सांगतील तसंच वागा. रविवारी तिने त्याच्या खांद्याला भाकरीची पिशवी अडकवली आणि दोघांना एसटीत बसवून दिलं.

पहिल्याच दालनात दोन हजार वर्षांचा रांजण होता. भिवाने तो टणटण वाजवून बघितला. "कच्चा भाजलाय, आबा. घेऊ नका."

पहारेकरी धावत आला. त्याने बजावलं, इथे हात लावायचा नाही, लांबून बघायचं.

पुढे जिन्यावर आबांचा पाय घसरला. त्यांनी हात पुढे केला. भिवाने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि लांबून बघितलं. आबा चार पायऱ्या बसत बसत उतरले.

"जावईबापू," कंबर चोळत ते म्हणाले, "कोणी कलंडताना दिसलं की धरावं. घट्ट धरावं."

विज्ञानाच्या दालनात छताला भलामोठा लंबक टांगला होता. पृथ्वी फिरते ते त्यावरून कळतं म्हणे. तो इकडे कलंडे, तिकडे कलंडे. भिवाने झेप घेऊन त्याला मिठी मारली. सहलीला आलेल्या एका मुलीने वहीत लिहिलं, "पृथ्वी थांबली."

पहारेकऱ्याने त्याला ओढून काढलं. त्या ओढाताणीत पिशवी गरकन फिरली आणि शेजारी टांगलेल्या ग्रहमालेतल्या शनीची कडी खाली आली.

"ओझं घेऊन आत येतं का कोणी?" पहारेकरी रडवेला झाला. "ओझं दारातल्या खिडकीत जमा करायचं, टोकन घ्यायचं आणि मोकळं फिरायचं. तिथे नीट सांभाळतात."

भिवा मुकाट्याने दाराकडे निघाला. मागून आबा लंगडत आले. "म्हातारपणी तुम्हाला ओझं झालो, जावईबापू," ते कण्हले.

भिवा थबकला. खिडकीवरच्या बाई मान खाली घालून टोकनं देत होत्या. त्याने पिशवी आत ठेवली. मग आबांना अलगद उचलून दोन ट्रंकांच्या मध्ये टेकवलं.

"दोन नग," तो म्हणाला.

आबांना सकाळपासून टेकायला मिळालं नव्हतं. ते ट्रंकेला रेलले. घोरू लागले.

भिवा संग्रहालय बंद होईपर्यंत मोकळा फिरला. तोवर खिडकीही बंद झाली होती, म्हणून तो दिवेलागणीला घरी आला. एकटाच.

"अहो, आबा कुठायत?"

भिवाने तिच्या हातावर टोकन ठेवलं. "जमा आहेत. उद्या सोमवार, सुट्टी. मंगळवारी मिळतील."

राहीने टोकन उलटसुलट करून बघितलं. "आता मात्र आबा मला घेऊन जाणार."

"कसे नेतील?" भिवा म्हणाला. "टोकन तर आपल्याकडे आहे."