लटक्या पुलावरचा दोर

फार जुन्या काळातली गोष्ट आहे. माघातली दशमी होती. आभाळ निरभ्र, थंडी कोरडी आणि दरीतून सकाळपासून वारा सुटलेला.

दरीच्या काठी चाळीस घरांचे एक गाव होते. पलीकडच्या गावाला जायला दोरांचा एक पूल होता आणि तो कुणा एकाचा नव्हता. प्रत्येक घराने बारा हात दोर वळून द्यायचा, आणि ते तुकडे एकमेकांना सांधून पुलाचे लांब दोर व्हायचे. कुणाला अधिक चांगला दोर सुचला तर त्याने तो खुशाल आणावा. अट एकच होती. आधी तो लटक्या पुलाला लावून पाहायचा.

लटका पूल म्हणजे गावामागच्या ओढ्यावर ताणलेला एकच दोर. त्यावरून कुणी जात नसे, म्हणून त्याचे नाव लटका. दोन्ही बाजूंना खऱ्या पुलाचे जुने तुकडे असत. मधे नवा तुकडा सांधायचा आणि त्याला दगडांनी भरलेल्या पाट्या टांगायच्या.

त्या वर्षी येसूच्या घरचा तुकडा झिजला आणि पूल बंद झाला. नेमकी दुसऱ्याच दिवशी येसूची लेक पहिल्या बाळंतपणासाठी पलीकडून माहेरी यायची होती. दरीला वळसा घालायचा तर तीन दिवसांची वाट, आणि लेकीला सातवा महिना.

आजवर पुलाचा तुकडा येसूचा नवरा वळत असे. या खेपेला तो परगावी होता, तेव्हा तिने स्वतःच दोरासाठी अंबाडीचे तंतू हातात घेतले. तिच्या डोक्यात कधीपासून एक गोष्ट घोळत होती. सगळे तीन पेडांचा दोर वळतात, आपण चार पेडांचा का वळू नये? वळला, आणि काय दोर झाला! तिने तो अंगणातल्या दोन झाडांना बांधून दळणाची दोन जाती टांगली. रेडा जुंपला. दोर तसूभरही ढळला नाही. येसू तो खांद्यावर टाकून जवळजवळ धावतच पुलाकडे निघाली.

पुलाचे राखणदार दगडूआबा म्हणाले, "आधी ओढ्यावर चल."

दिवस मावळेपर्यंत पूल उघडायला हवा होता. येसूने जात्यांचे सांगितले, रेड्याचे सांगितले. शेजारचा भिकोबा तिथे उभाच होता. तो म्हणाला, "वहिनी, रेड्याने पसंत केला म्हणता? मग रेड्यालाच आधी पलीकडे धाडू."

लोक हसले. आबा हसले नाहीत.

"येसू, अंगणात तुझा दोर एकटा होता," ते म्हणाले. "पुलावर त्याला शेजार असतो."

ती तणतणतच ओढ्यावर गेली. तुकडा सांधला. एक पाटी टांगली, दोन, चार. येसू आबांकडे बघून मान उडवू लागली. पाचव्या पाटीला सांधा हळूच फिरला. सहाव्या पाटीला तो गरगरा फिरू लागला. येसूच्या दोराचा पीळ सुटला, शेजारच्या जुन्या दोराचाही सुटला, आणि सातव्या पाटीसकट सगळे दगड धाडकन ओढ्यात गेले.

येसू काठावर जाऊन बसली. या दोरावर उद्या आपली लेक असती, एवढेच तिच्या मनात आले.

आबांनी दोन्ही तुकडे उचलून तिच्या पुढ्यात शेजारी शेजारी ठेवले. येसूने वाकून पाहिले. जुन्या दोराची वळणे उजवीकडे झुकली होती. तिच्या दोराची डावीकडे.

"अगं बाई, मी डावखुरी," ती म्हणाली.

येसूने जन्मभर विहिरीचे दोर वळले, गुरांची दावी वळली. ती कधी कुणाच्या दोराला जोडायची नव्हतीच, म्हणून तिचा पीळ उलटा पडतो हे कुणाला कळले नव्हते. एकटा असेपर्यंत तो दोर पक्का होता. उलट पिळाच्या शेजाऱ्याशी गाठ पडली, की दोघे एकमेकांना उलगडत होते.

आता मात्र येसू ताडकन उठली. चार पेड चुकले नव्हते, फक्त पीळ चुकला होता! तिने पदर खोचला आणि भरभर पेड मांडायला घेतले. पण उजवा हात काही वळेना. तेव्हा भिकोबा शेजारी येऊन बसला.

"पीळ मी देतो, वहिनी. अक्कल तुमचीच राहू द्या."

"ती राहणारच आहे, भावजी. तुम्ही हात चालवा," येसू म्हणाली.

उन्हे कलायच्या आत बारा हात दोर तयार झाला. ओढ्याकाठी अख्खे गाव लोटले. सातवी पाटी लागली तेव्हा सगळे सांध्याकडेच बघत होते. आठवी लागली आणि पोरे मोठ्याने मोजू लागली. वीस पाट्या कोरड्या दोरावर झाल्या. मग आबांनी दोर भिजवायला लावला आणि पुन्हा वीस टांगल्या. सांधा फिरला नाही. दिवस मावळायच्या आधी तुकडा खऱ्या पुलाला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूची लेक, जावई आणि गाठोडे घेतलेला दीर, अशी तीन माणसे पूल ओलांडून अलीकडे आली. त्या माघापासून गावकरी पुलाचे दोर चार पेडांचे वळू लागले.

आपले काम सर्वांच्या कामात घालण्याआधी ते, जिथे कुणाला इजा होणार नाही अशा जागी, सर्वांच्या कामाशी जोडून पारखावे.