दोन हात मोठी होडी

"पण महाराज, दोन हात मोठी होडी जुनीएवढीच पळते, हे कसं काय?"

बाळगो कुबल टेकडी चढून धापा टाकत आला होता. रामराम राहिला बाजूला, त्याने आल्या आल्या हेच विचारलं.

भैरवगीर गोसावी मठीच्या अंगणात घोंगडी उन्हाला घालत होते. खाडीच्या तोंडावर, वर टेकडीवर त्यांचं राहणं. सगळा जन्म समुद्राकडे बघण्यात गेला. पण होडी म्हणाल तर वल्हं कुठल्या बाजूने धरतात तेही ठाऊक नाही. पोहणं तर सोडाच.

"कुठली होडी?" त्यांनी विचारलं.

"नवी. शाणू मेस्त्रीने बांधलेली."

"आणि जुनी?"

"ती आहे की. बाबांची होडी, ती कशी विकीन? गाव हसतंय मला. एकटा माणूस, दोन होड्या घेऊन काय करतोस म्हणतात."

"काय करतोस?"

"नवी लांबच्या फेरीला. आणि जुनी..." बाळगो अडखळला. "जुनी असू दे म्हणून."

गोसाव्यांना हे उत्तर फारच आवडलं. घोंगडी तशीच टाकून ते ओट्यावर बसले.

"असू दे म्हणून! झकास. बरं, पुढे?"

पुढे सांगताना बाळगोचा आवाज चढला. नवी होडी लांबीला जास्त, पोटाला रुंद, शीड मोठं. तरी पलीकडच्या धक्क्याला पोचायला जुनीला लागतो तेवढाच वेळ! हाकणारा चुकतोय म्हणावं, तर खाडीत त्याच्या तोडीचा खलाशी कोण आहे? कुणालाही विचारा. म्हणजे खोट होडीतच. चार दिवसांमागे भर बाजारात त्याने मेस्त्रीला तसं तोंडावर सांगितलं.

"मेस्त्री काय म्हणाला?"

"काही नाही. मान खाली घातली. उद्या सकाळी होडी परत न्यायला येणार आहे."

"मग झालं तर."

"झालं कसलं, महाराज!" बाळगो कळवळून म्हणाला. "जीव जडलाय हो तिच्यावर. आणि मेस्त्रीची तर अब्रूच गेली. माझं ऐकून दोघांनी त्याच्याकडून आपली कामं काढून घेतली. आता रात्री झोप येत नाही. खोट आहे, तर सापडत का नाही? मी तिची फळी न् फळी ठोकून बघितली."

गोसावी उठले, घोंगडी झटकली आणि खांद्यावर टाकली.

"चल, बसव मला तिच्यात."

"आत्ता? वारा बघा कसा सुटलाय!"

"मग काय, वारा नसताना बसू?"

नवी होडी खरंच देखणी होती. गोसाव्यांनी आत पाय ठेवला आणि लहान पोरासारखे प्रश्न सुरू केले. हे काय? ते कशाला? ह्याला तेल लावता का? बाळगो उत्तरं देता देता हैराण झाला. शीड चढलं, होडी धक्क्यापासून सुटली, तसे महाराज त्याच्याकडे तोंड करून बसले.

"शीड तिकडे आहे, महाराज. माझ्याकडे काय बघताय?"

"शीड मला कळत नाही. तू थोडाफार कळतोस."

खाडीच्या तोंडाशी काळ्या कातळाचं खडप आहे. तिथे डोंगराचा आडोसा संपतो आणि समुद्रावरचा वारा एकदम अंगावर येतो. होडी कलली. लगेच शीड फडफडलं, होडी सरळ झाली आणि वेग पडला.

"बघितलंत?" बाळगो म्हणाला. "अशी करते. ऐन वाऱ्यात ढेपाळते."

"आत्ता तू काय केलंस?"

"मी? मी काय केलं?"

"तुझ्या हातातला दोर ढिला झाला."

बाळगोने हाताकडे पाहिलं. शिडाचा दोर खरंच सैल होता. शीड ताणून धरणारा दोर तो, सोडला की शिडातला वारा निघून जातो.

"तो सोडावाच लागतो, महाराज. काठ पाण्याला टेकायला आला की सोडायचा. नाहीतर उलटली."

"टेकायला आला होता?"

बाळगोने वाकून पाहिलं. काठाखालच्या फळ्यासुद्धा कोरड्या होत्या.

"...आला असता."

"ह्या होडीचा काठ पाण्याला लागलेला तू कधी बघितलास?"

"नाही."

"मग कुठल्या होडीचा बघितलास?"

बाळगोने दोर पुन्हा ताणून धरला. मग सांगू लागला. लहान असताना बाबांनी जुन्या होडीत शिकवलं होतं. ती अंगाने अरुंद. जरा जास्त कलली की संपलंच. काठाजवळ पाणी दिसलं की दोर सोड, विचार मागाहून कर, एवढं एकच बाबा सांगायचे. ह्याच खडपाशी एकदा त्यांनी वेळेवर दोर सोडला, म्हणून बापलेक घरी आले. त्या दिवशी दुसरी एक होडी आली नाही.

"बाबांचा शब्द आहे तो," बाळगो म्हणाला. "माझा हात आपोआप सुटतो. मला कळतही नाही."

"हं..."

गोसावी सरकत सरकत त्याच्या शेजारी येऊन बसले.

"फिरव परत. आणि तो दोर जरा मला दे. कसा लागतो हाताला, बघू."

"जोर लागेल."

"बघू तर खरं."

बाळगोने होडी वळवून आडोशाला नेली आणि पुन्हा खडपाकडे तोंड केलं. दोर महाराजांच्या हातात होता. त्यांनी तो मनगटाला एक वेढा देऊन धरला आणि मजेत इकडेतिकडे बघू लागले.

वारा आला. होडी कलली.

"सोडा, महाराज."

महाराज बघत राहिले.

"सोडा दोर!"

होडी आणखी कलली. बाळगोने दोराला हात घातला, तर महाराजांनी त्याचा हात दुसऱ्या हाताने दूर लोटला. काठ खाली चालला. पाणी वर येत होतं.

"अहो, पोहता येतं का तुम्हाला?"

"नाही," महाराज म्हणाले. "तुला?"

"देवा रे..." बाळगोने डोळे गच्च मिटले. बाबा गेले, आता आपण गेलो, आणि वर गोसाव्याच्या हत्येचं पाप डोक्यावर, एवढं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं.

पाणी काही आत आलं नाही.

त्याने डोळे उघडले. काठ पाण्यापासून वीतभर वर थबकला होता. होडी आपल्या रुंद पोटावर रेलली होती, खाली जायचं नाव घेत नव्हती. आणि धावत होती. अशी धावत होती की खडप केव्हाच मागे पडलं, पुढच्या टोकाला नाळेवर पाणी उसळत होतं, सुकाणू हातात थरथरत होतं.

"अरे!" बाळगो ओरडला. "अरे, अरे, अरे! ही तर पळते!"

"पळते का?" महाराजांनी कौतुकाने विचारलं. "मला काय कळतंय."

पलीकडच्या धक्क्याला होडी लागली, तेव्हा बाळगो एकटाच हसत होता. धक्क्यावरची माणसं बघू लागली, त्याला त्याचं काही नव्हतं. त्याने होडी बांधली, तिच्या काठावरून हात फिरवला, आणि मग हळूहळू त्याचं हसू गेलं.

"आज रात्रीच मेस्त्रीचे पाय धरतो," तो म्हणाला. "आणि बाजारात जाऊन सगळ्यांदेखत सांगतो, खोट माझ्यात होती."

"सांग."

"पण महाराज..." त्याचे डोळे भरून आले. "म्हणजे बाबा चुकीचं शिकवून गेले?"

दोर काचून महाराजांचं मनगट लाल झालं होतं, त्यावर ते फुंकर घालत होते.

"सगळा जन्म मी त्यांच्या शब्दावर काढला," बाळगो म्हणाला. "जाऊ दे. उद्याच जुनी होडी विकून टाकतो. आजपासून तुम्ही दाखवलंत तेच खरं. काही झालं तरी दोर सोडायचा नाही. मरेपर्यंत सोडायचा नाही!"

महाराजांनी फुंकर थांबवली आणि मान वर केली.

"उद्या त्या जुन्या होडीतून ने मला. ह्याच वाऱ्याला, त्याच खडपाशी."

"आणि?"

"तिथे मी असाच दोर धरून बसलो, तर माझ्या हातावर वल्हं हाण."