सरकारांची मोटार आणि धुपाटणं

"पेट्रोलचा थेंब नसला, तरी दसऱ्याला माझी मोटार सीमेवर गेलीच पाहिजे!" आंबेगडच्या रणधवलराव महाराजांनी फर्मान सोडलं.

सातासमुद्रापलीकडं लढाई जुंपली होती आणि पेट्रोलचं जहाज काही येत नव्हतं. पण सीमोल्लंघनाला हत्तीवर बसतील तर ते सरकार कसले! शेजारच्या राजासमोर मोटार मिरवायची होती ना!

दरबारात वाद पेटला. पेटलं नाही ते फक्त इंजिन.

"मोटार विलायती, तिला खाणंही विलायतीच लागणार. जहाजाची वाट पाहू," दिवाणजी म्हणाले. खजिनदारांनी करडईचं तेल ओतून पाहिलं. मोटार नुसती खोकली. वैद्यबुवांनी मोहाची दारू आणवली. थोडी टाकीत गेली, बाकीची चाखणाऱ्यांच्या पोटात, आणि सुसाट सुटले ते चाखणारेच! शेवटी भटजींनी तुपाचं नाव काढलं, तेव्हा सरकार कडाडले.

"पुरे! आता तेल नको, तूप नको! बैल जुंपायचे नाहीत, माणसांनी ढकलायचं नाही. मोटार चालली नाही, तर हा तातोबा ड्रायव्हर हाती धुपाटणं घेऊन संस्थानाबाहेर चालता होईल!"

बिचारा तातोबा! पेट्रोल काय त्यानं पिऊन टाकलं होतं? घरी येऊन तो कपाळाला हात लावून बसला. "सारजे, सामान आवर. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं!"

त्याची बायको सारजा लोहाराची लेक. धुपाटण्याचं नाव ऐकताच भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. धुपाटण्यात असतात निखारे. बापाच्या भट्टीत निखारे कोंडले, की वर निळी ज्योत नाचायची!

"अवं, मोटारीला प्यायला मिळंना, तर हुंगायला देऊ की!"

"काय हुंगायला?"

"कोळशाचा धूर! कोंडलेला धूरबी पेट घेतो. भट्टीत जळतो, तर इंजिनात का जळायचा न्हाई?"

सारजाच्या बापानं झाकणाचं लोखंडी पिंप घडवलं, तातोबानं त्यात निखारे कोंडून त्याची नळी इंजिनाला जोडली. मोटार कितीदा तरी शिंकली, तातोबा नखशिखांत काळा झाला, पण अखेर इंजिन धडधडलं.

दसऱ्याला ते पिंप पाहून दिवाणजींनी नाक दाबलं. "श्शी! ही मोटार की चूल?"

"चूलच म्हना, दिवानजी. चूल पेटली तरच घर चालतं!" पिंपात कोळसा घालत सारजा म्हणाली.

सरकार आत बसले, सारजा पिंपाशी बसली. फट् फट् करत मोटार निघाली आणि धापा टाकत सीमेवर पोचली. समोरून शेजारच्या राजांचीही मोटार आली. तिला बैल ओढत होते!

काजळीनं माखलेले सरकार खुशीत खाली उतरले. "सारजे, घातलंस तरी काय हिच्यात?"

"तेल न्हाई, तूप न्हाई. धुपाटणं बसवलंय, सरकार!"

"आणि कोळसा संपला म्हणजे?" दिवाणजींनी खोच काढली.

"रान आपलंच हाय. बाभळीला जहाजात बसून यावं लागत न्हाई!"

"शाबास! माग काय हवं ते!" सरकार म्हणाले.

"तुमीच बोलला हुता तेच द्या. माझ्या मालकाच्या हाती धुपाटणं!"

"अगं, ते तर हरल्यावर द्यायचं होतं!"

"व्हय, सरकार. हरल्यावर रिकामं. आता जिंकलोय, तर भरून द्या!"

सरकार पोट धरधरून हसले. देवघरातलं चांदीचं धुपाटणं त्यांनी मागवलं आणि काठोकाठ मोहरा भरून तातोबाच्या हाती दिलं!